पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा: अमोल मुजुमदारची गोष्ट

आजचा भाग क्रिकेटचा आहे, पण ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही थांबा. कारण आजची गोष्ट खरं तर नंबर न लागण्याची आहे. पोलीस भरतीच्या यादीत, कॅम्पस प्लेसमेंटमध्ये, गावच्या टीममध्ये ज्यांचा नंबर थोडक्यात हुकला, त्या सगळ्यांची.

गोष्टीतल्या तीन मुलांपैकी दोघांची नावं तुम्हाला पाठ आहेत. तिसऱ्याचं नाव बहुतेकांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा गूगल केलं. आपण त्या तिसऱ्याकडे बघणार आहोत.

६६४ धावा आणि एक रिकामी ओळ

तारीख २३ फेब्रुवारी १९८८. ठिकाण आझाद मैदान. आपली कसारा लोकल जिथे शेवटची थांबते, त्या सीएसएमटीपासून पायी काही मिनिटांवर. तेव्हा स्टेशनचं नाव व्हीटी होतं. हॅरिस शिल्डची सेमीफायनल, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. हॅरिस शिल्ड म्हणजे मुंबईतल्या शाळांची स्पर्धा, १८९० च्या दशकात इंग्रजांच्या काळात सुरू झालेली. गव्हर्नर लॉर्ड हॅरिसच्या नावाची. मुंबईचे किती कसोटीपटू या एका स्पर्धेतून पुढे आले, त्याची यादी वाचायला घेतली तर आजचा भाग इथेच संपेल.

शारदाश्रमची बॅटिंग. ८४ धावांवर दोन विकेट गेल्या. मग मैदानात दोन मुलं एकत्र आली. एक १४ वर्षांचा, सचिन तेंडुलकर. दुसरा १६ वर्षांचा, विनोद कांबळी. आणि पुढच्या नंबरचा मुलगा पॅड बांधून, हेल्मेट बाजूला ठेवून बसला. त्याचं वय १३. नाव अमोल मुजुमदार.

हा सामना वनडेसारखा ठरावीक ओव्हरचा नव्हता, कित्येक दिवसांचा होता. म्हणजे विकेट पडेपर्यंत किंवा डाव घोषित करेपर्यंत बॅटिंग चालूच. आणि विकेट काही पडेना. पहिला दिवस संपला, दोघं नाबाद. दुसऱ्या दिवशी परत तेच. रमाकांत आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते, सहायक कोच डाव घोषित करायला सांगत होते, आणि ही दोन पोरं त्यांच्याकडे बघायचंच टाळत होती. अखेर डाव घोषित झाला तेव्हा धावफलक होता २ बाद ७४८. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. भागीदारी ६६४ धावांची. त्या वेळचा विश्वविक्रम. तो पुढे २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून मोडला.

अमोलने पॅड सोडले. त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही. शून्यसुद्धा नाही, कारण शून्यावर आऊट व्हायलाही आधी मैदानात जावं लागतं.

आता पुढच्या वर्षाकडे बघा. नोव्हेंबर १९८९, सचिन पाकिस्तानात पहिली टेस्ट खेळतोय, वय १६. १९९३ साली कांबळी लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये दोन द्विशतकं ठोकतो, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. साहजिकच सगळ्यांना वाटणार, आता तिसऱ्याचा नंबर.

२६० आणि मग शांतता

आणि तिसऱ्याने काय दार ठोठावलं! १९९३-९४ चा मोसम. मुंबईची रणजी टीम, कॅप्टन रवी शास्त्री. फरीदाबादला हरियाणाविरुद्ध बाद फेरीचा सामना. अमोलची पहिलीच प्रथम श्रेणी मॅच, वय १९. त्याने काढल्या २६०. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणात एवढ्या धावा जगात तोवर कुणीच काढल्या नव्हत्या. भारतात याआधीचं मोठं नाव होतं गुंडप्पा विश्वनाथचं, त्याच्या २३०. अमोलचा विक्रम जवळजवळ २५ वर्षं टिकला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ केल्या आणि २०२२ मध्ये बिहारच्या सकीबुल गनीने थेट ३४१.

त्या मोसमात मुंबई रणजी जिंकली. अमोल भारताच्या १९ वर्षांखालच्या टीमचा व्हाइस कॅप्टन झाला. इंडिया ए कडून खेळला. बरोबर कोण होते? राहुल द्रविड आणि सौरव गांगुली. वर्तमानपत्रांनी ‘दुसरा तेंडुलकर’ हे लेबल चिकटवलं. ते एकदा चिकटलं की माणसाला स्वतःच्या मापाने कुणी मोजत नाही.

१९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर द्रविड आणि गांगुली एकाच टेस्टमध्ये पदार्पण करतात. गांगुलीचं शतक, द्रविडच्या ९५. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला व्ही. व्ही. एस. लक्ष्मण टेस्टमध्ये येतो. सचिन तर होताच.

इथे मी एक साधा हिशोब मांडतो, कारण माझं रोजचं कामच हिशोबाचं आहे. टेस्ट टीममध्ये मधल्या फळीच्या, म्हणजे तीन ते सहा नंबरच्या, जागा चार. चारही भरल्या. सचिनचा जन्म एप्रिल १९७३, द्रविडचा जानेवारी १९७३, गांगुलीचा जुलै १९७२, लक्ष्मणचा १ नोव्हेंबर १९७४. आणि अमोलचा ११ नोव्हेंबर १९७४. लक्ष्मणपेक्षा बरोबर दहा दिवसांनी लहान.

ही दहा दिवसांची गोष्ट मला फार बोचते. कारण पुढची माणसं दहा वर्षांनी मोठी असतील तर ती रिटायर होईपर्यंत थांबता येतं. पण ती तुमच्याच वयाची असतील, तर ती थकतील तेव्हा तुम्हीही थकलेले असता. चौघांपैकी सगळ्यात आधी थांबला गांगुली. त्याची शेवटची टेस्ट १० नोव्हेंबर २००८ ला नागपुरात संपली. दुसऱ्या दिवशी अमोल ३४ वर्षांचा झाला. चारातली पहिली खुर्ची रिकामी झाली आणि रांगेतला माणूस म्हातारा झाला. आयपीएलसुद्धा त्याच वर्षी सुरू झाली, म्हणजे तीही त्याच्यासाठी उशिराच आली.

निवड समितीचा अन्याय वगैरे म्हणायला सोपं आहे. पण विचार करा, त्या चौघांपैकी तुम्ही कुणाला बसवलं असतं? उत्तर देता येत नाही, खरं ना? कधीकधी चूक कुणाचीच नसते. जागाच नसते.

शिवलकरांची रांग

हे फक्त अमोलच्या वाट्याला आलं असंही नाही. मुंबईचेच डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये, चेन्नईच्या चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ बळी. भारतासाठी टेस्ट किती? एकही नाही. कारण त्याच काळात, तीच बॉलिंग टाकणारा बिशनसिंग बेदी नावाचा माणूस होता. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच. रणजीत सर्वांत जास्त विकेट आणि टेस्ट शून्य. २०१७ साली या दोघांना बीसीसीआयने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. शिवलकर तेव्हा सत्तरी पार केलेले होते. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले.

म्हणून ‘सब्र का फल मीठा’ टाइपचा उपदेश मी या भागात करणार नाही. शिवलकरांनी सब्र केला नव्हता का? वाट बघितली की मिळतंच, हे खोटं आहे. प्रश्न वेगळा आहे. वाट बघत असताना माणूस काय करत असतो?

हॉट स्टँडबाय

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक प्रकार असतो, हॉट स्टँडबाय. मुख्य सर्व्हर चालू असतो, लोकांच्या रिक्वेस्ट तोच घेतो. पण शेजारी दुसरा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवतात. डेटा त्याच्यावरही येत असतो, तो प्रत्येक क्षणी तयार असतो. मुख्य सर्व्हर कधी पडलाच नाही, तर जगाला या दुसऱ्याचं नावही कळत नाही. पण तो बंद पडून चालत नाही. सगळी गंमत त्यातच आहे, काम नसताना चालू राहण्यात.

अमोल चालू राहिला. २०१४ पर्यंत. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८ च्या वर. रणजीमध्ये सर्वाधिक धावांचा विक्रम एके काळी त्याच्या नावावर होता, नंतर वसीम जाफरने तो मोडला.

यात २००६-०७ चा मोसम वेगळा ठेवून बघण्यासारखा आहे. अमोल मुंबईचा कॅप्टन. कोच प्रवीण आमरे, तेही आचरेकर सरांच्याच तालमीतले. मोसमाची सुरुवात भयंकर, लागोपाठ पराभव. मुंबईची टीम खालच्या गटात घसरते की काय अशी चर्चा. तिथून वर येत येत सेमीफायनल गाठली, बडोद्याला. आणि तिथे दुसऱ्या डावात मुंबईचा स्कोअर काय झाला असेल? शून्यावर पाच. हो, बरोबर ऐकलंत. एकही धाव नाही आणि पाच गडी बाद. गल्लीतल्या टेनिस क्रिकेटमध्येसुद्धा असं झालं तर पोरं स्टंप उचलून घरी जातील. मुंबई तो सामना जिंकली. मग वानखेडेवर बंगालला हरवून रणजी जिंकली, ३७ व्यांदा. त्या फायनलमध्ये सचिनने शतक केलं आणि तो अमोलच्या कॅप्टनशिपखाली खेळत होता. आझाद मैदानाला १९ वर्षं झाली होती.

नंतर मुंबईतून जागा गेली. २००९ मध्ये अमोल आसामकडून खेळायला गेला, पुढे आंध्रकडून. मुंबईसारख्या टीमचा माजी कॅप्टन, पस्तिशीत, गुवाहाटीला जाऊन नवख्या पोरांबरोबर ड्रेसिंग रूम शेअर करतोय. कमीपणा वाटला असता तर घरी बसता आलं असतं. पण माझ्या मते इथेच त्याच्या आयुष्याची दुसरी इनिंग सुरू झाली. छोट्या टीममध्ये सीनियर माणूस आपोआप अर्धा कोच होतो. नेटमध्ये कुणाचा पाय चुकतोय, कोण घाबरलंय, कोण रूममध्ये एकटा बसून जेवतोय, ते त्यालाच दिसतं.

एक मॅच खेळलेला गुरू

आता थोडं आचरेकर सरांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे. शिवाजी पार्कवर शिकवणारे, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवणारे, दिवसभर आऊट न होणाऱ्या पोराला ते नाणं बक्षीस देणारे हे सर. मूळचे मालवणचे. १९९० चा द्रोणाचार्य, २०१० ची पद्मश्री. त्यांनी स्वतः किती प्रथम श्रेणी सामने खेळले माहितीये? एक. १९६३ साली स्टेट बँकेच्या टीमकडून, हैदराबादला.

सचिनला घडवणाऱ्या माणसाची स्वतःची कारकीर्द एका मॅचची. म्हणजे मोठा खेळाडू तोच मोठा कोच, हे समीकरण आपल्या शिवाजी पार्कनेच कधीचं मोडलेलं आहे.

जगात इतरत्रही तसंच दिसतं. अमेरिकेतलं बेसबॉल घ्या. तिथे शाळेतला हिरो असलेला मुलगा १८ व्या वर्षी एखाद्या क्लबशी करार करतो, पण थेट मोठ्या लीगमध्ये जात नाही. खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. छोटी शहरं, लांबलांबचे बसप्रवास, तुटपुंजा पगार. बहुतेक मुलं वर्षानुवर्षं तिथेच खेळतात आणि तिथूनच घरी जातात. अर्ल वीव्हर हा असाच एक खेळाडू, मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला. त्यांच्याकडे हेड कोचला मॅनेजर म्हणतात. हाच वीव्हर बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर झाला आणि १९७० ची वर्ल्ड सिरीज जिंकला. जिम लेलँडही तसाच. मायनर लीगमध्येच खेळून संपलेला विकेटकीपर, बेसबॉलमध्ये त्याला कॅचर म्हणतात. १९९७ ला त्याने फ्लोरिडा मार्लिन्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.

असं का होत असेल? माझा अंदाज सांगतो. ज्याला सगळं सहज जमतं त्याला ते कसं जमतं हे सांगता येईलच असं नाही. ज्याला जागा टिकवायला रोज झगडावं लागलं, त्याने आपलं तंत्र शंभर वेळा उघडून, साफ करून परत जोडलेलं असतं, जसा गॅरेजवाला कार्ब्युरेटर उघडतो. शिवाय तो बाकावर बसलेला असतो. मैदानातल्या अकरा जणांना बाकावरचे दिसत नाहीत. बाकावरच्यांना मात्र सगळे दिसतात.

आता अहो-जाहो

इथून पुढे अमोलला अहो-जाहो करायला हवं, कारण आता ते कोच आहेत. नेदरलँड्सच्या टीमबरोबर काम केलं. नॅशनल क्रिकेट अकॅडमीत ज्युनिअर मुलांना शिकवलं. राजस्थान रॉयल्सचे बॅटिंग कोच झाले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची टीम भारतात आली तेव्हा त्या पाहुण्या टीमचे तात्पुरते बॅटिंग कोच हेच होते. ज्या टेस्ट ड्रेसिंग रूमचं दार भारताच्या बाजूने कधी उघडलं नाही, त्या मैदानात ते समोरच्या दाराने गेले.

२०२१ ला मुंबईचे हेड कोच. २०२२ ची रणजी फायनल बेंगळुरूला, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशचे कोच चंद्रकांत पंडित, तेसुद्धा आचरेकर सरांचेच विद्यार्थी. दोन्ही बाजूंना एकाच गुरूचे दोन शिष्य. पंडित जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदाच जिंकला, कोच मुजुमदार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना भारतीय महिला संघाचे हेड कोच केलं. तेव्हा सोशल मीडियावर ‘जो स्वतः भारतासाठी खेळला नाही तो काय शिकवणार’ छाप कमेंट होत्याच. आणि वर्षभराने, २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये टीम सेमीफायनललाही पोचली नाही, तेव्हा त्या कमेंटना धार आली.

मग आला २०२५ चा वर्ल्ड कप, आपल्याच देशात. पहिले दोन सामने जिंकले आणि नंतर सलग तीन हरले, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर हातातला सामना चार धावांनी गेला. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये कोच सगळ्यांवर चिडले. कॅप्टन हरमनप्रीत कौरनेच नंतर सांगितलं, की सर बोलले ते मनापासून बोलले आणि ते सगळ्यांना पटलं.

सलग पराभव, टीम काठावर. २००६-०७ ची मुंबई आठवते ना? या माणसासाठी हा पेपर नवा नव्हता.

आता माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा. त्या वर्ल्ड कपचे शेवटचे दोन सामने कुणी जिंकून दिले ते बघा.

पहिलं नाव जेमिमा रॉड्रिग्ज, मुंबईची मुलगी. इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात तिला संघाबाहेर बसवलं होतं. म्हणजे स्पर्धेच्या मध्यावर बाकावर. पुढच्या सामन्यात परत घेतलं, तेही तिसऱ्या नंबरवर, आणि न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ केल्या. मग ३० ऑक्टोबर, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, सेमीफायनल. ऑस्ट्रेलिया ३३८. महिलांच्या वनडेत एवढा पाठलाग कुणी केलेला नव्हता. कोचनी बोर्डवर एवढंच लिहिलं होतं, की फायनलला जायला समोरच्यांपेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमा परत तिसऱ्या नंबरवर गेली आणि नाबाद १२७ करून आली. हरमनप्रीतच्या ८९. भारत ५ बाद ३४१.

दुसरं नाव शफाली वर्मा. ती तर संघातच नव्हती. ओपनर प्रतिका रावलला बांगलादेशविरुद्ध दुखापत झाली म्हणून सेमीफायनलच्या आधी शफालीला बोलावलं. सेमीफायनलमध्ये ती १० वर आऊट झाली. तरी फायनलला खेळवली. २ नोव्हेंबर, तेच मैदान, समोर दक्षिण आफ्रिका. शफालीच्या ८७ धावा आणि वर दोन विकेट. प्लेअर ऑफ द मॅच. दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ५ बळी. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. ५२ धावांनी वर्ल्ड कप. २००५ ला फायनल हरलो होतो, २०१७ ला लॉर्ड्सवर ९ धावांनी हरलो होतो, या वेळी जिंकलो.

एक बाकावरून आलेली, एक घरून आलेली. हे सगळं एकट्या कोचने घडवलं असं म्हणणं त्या मुलींवर अन्याय होईल. बॅट त्यांच्या हातात होती. पण बाहेर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, त्याला परत आत घेताना त्याच्यावर किती भरवसा टाकायचा, हे ज्याने स्वतः वीस वर्षं बाहेर बसून शिकलंय, तो त्या खुर्चीत होता. याला मी योगायोग म्हणणार नाही.

त्या रात्री हरमनप्रीत धावत आली आणि त्यांच्या पाया पडली. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. लगेच ‘खऱ्या आयुष्यातला कबीर खान’ म्हणून मीम फिरले. पण ‘चक दे इंडिया’तला कबीर खान भारताचा कॅप्टन असतो, त्याला गमावलेलं नाव परत मिळवायचं असतं. मुजुमदारांना परत मिळवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना ती जर्सी खेळाडू म्हणून कधी मिळालीच नव्हती.

आझाद मैदानापासून डी. वाय. पाटील म्हणजे हार्बर लाईनने तासाभराचा प्रवास. मुजुमदारांना त्याला ३७ वर्षं लागली.

आपल्याकडचा बाक

आता जरा आपल्या शहापूर-मुरबाडकडे येऊ. इथे तानसा आहे, भातसा आहे. आपल्या तालुक्यातलं पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. खेळाचंही थोडंफार असंच चालतं. हात चांगला असलेली पोरं आपल्याकडे कमी नाहीत. आटगावच्या आजूबाजूला कुठल्याही रविवारी, भात कापलेल्या शेतात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला जाऊन बघा. पण आझाद मैदान इथून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. आटगावच्या मुलाला सकाळी आठला टर्फवर उभं राहायचं तर पहाटेची लोकल पकडायची, तीही किट बॅग घेऊन, उभ्याने. मुरबाडच्या मुलाला तर ट्रेनच नाही, आधी एसटीने कल्याण गाठा.

आणि अमोलच्या गोष्टीत एक गोष्ट आपण पटकन विसरतो. त्याच्या वडिलांच्या सांगण्यावरून त्याची शाळा बदलली आणि तो शारदाश्रममध्ये आला, म्हणून तो आचरेकर सरांसमोर उभा राहिला. पॅड बांधून बसायला मिळणं हीसुद्धा एक जागाच असते. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना तो बाकसुद्धा मिळत नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याला सचिनच्या आधी आचरेकर हवेत. आपला कसारा घाट चढून पलीकडे गेलं, की नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचा पाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ जिंकली. तिच्या मागे विजेंदर सिंग नावाचे कोच होते, नाशिकला राहून पोरं हेरणारे. पाय तिचेच होते, पण ते पाय बघणारा माणूस तिथे जवळ होता.

आपल्याकडे जी मुलं जिल्ह्यापर्यंत, विद्यापीठापर्यंत खेळली आणि मग थांबली, त्यांना घरचे म्हणतात, वेळ फुकट गेला, आता गोडाऊनला कामाला लाग. गोडाऊनचं काम वाईट नाही, घर त्यावरच चालतं. पण ती दहा वर्षं फुकट गेलेली नसतात. बीपीएड करून शाळेत खेळशिक्षक होता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, म्हणजे एनआयएसमध्ये, कोचिंगचा वर्षाचा डिप्लोमा आहे, सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही आहे. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी रविवारी सकाळी दोन तास, गावातल्या दहा पोरांना आणि हो, पोरींनाही, सरळ बॅटने खेळायला शिकवता येतं. त्यासाठी भारताची जर्सी लागत नाही. आचरेकर सरांकडे तरी कुठे होती?

शेवटी एवढंच. आझाद मैदानावरचा तो स्कोअर लाखो लोकांना पाठ आहे, २ बाद ७४८. पण पुढच्या वेळी कुणी ६६४ ची गोष्ट सांगायला लागलं, तर त्याला जरूर विचारा, तिसरा कोण होता? आणि तुमच्या गावात, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असा पॅड बांधून बसलेला कुणी असेल, तर आजचा भाग त्याला पाठवा. उपदेश म्हणून नको. नुसता पाठवा.

भेटूया पुढच्या रविवारी. तोवर काळजी घ्या, आणि दारात लटकू नका.